आगाऊ संमती कोणाच्या दप्तरी? कार्डावरील अनधिकृत वर्गणी-वसुली आणि तिच्या नियमनाचा भारतातील इतिहास

प्रस्तावना

समजा, भोपाळच्या एका वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थिनीला रात्री अकराच्या सुमारास बँकेचा संदेश येतो: तिच्या डेबिट कार्डावरून ४९९ रुपये कापले गेले आहेत. त्या दिवशी तिने काही विकत घेतलेले नाही, ओटीपी आलेला नाही, कार्ड तर पाकिटातच आहे. सकाळी ती बँकेत जाते. खिडकीपलीकडचे कर्मचारी संगणकात पाहून सांगतात, 'ही वर्गणी आहे, तुम्हीच परवानगी दिलेली दिसते.' ती म्हणते, 'मी अशी परवानगी कधीच दिलेली नाही.'

या दोघांपैकी खोटे कोणीच बोलत नाही, असे होऊ शकते. पैसे कापून घेण्याची परवानगी आज दिली जाते आणि पैसे पुढे महिनोन्‌महिने कापले जातात. मधल्या काळात देणारा विसरतो, घेणारा विसरत नाही. 'अनधिकृत' हा शब्द अशा वेळी दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. एक, जिथे परवानगी मुळात नव्हतीच, म्हणजे सरळ चोरी. दुसरी, जिथे परवानगी कधीतरी दिली होती, पण ती कशाला, किती काळासाठी आणि किती रकमेला दिली होती यावर वाद आहे. पहिल्या प्रकारात पोलिसांची आठवण होते. दुसऱ्या प्रकारात बहुतेक लोक स्वतःलाच दोष देऊन गप्प बसतात.

या पाठात आपण हा प्रश्न इतिहासाच्या अंगाने पाहणार आहोत. ग्राहकाच्या आगाऊ संमतीची नोंद कोणाच्या दप्तरी ठेवली जाते, हे पाहत गेलो की बाकीच्या बऱ्याच गोष्टी उलगडतात. ही नोंद ग्राहकाच्या बँकेकडे असेल तर ती रद्द करता येते. ती फक्त विक्रेत्याकडे असेल, तर ग्राहकाला विक्रेत्याच्याच दारात उभे राहावे लागते.

व्ही.पी.चे पाकीट

भारतात दूरच्या विक्रेत्याला पैसे देण्याची पहिली सार्वत्रिक व्यवस्था टपाल खात्याने उभी केली. १८७७ मध्ये 'व्हॅल्यू पेएबल पोस्ट', म्हणजे मराठी वाचकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेली व्ही.पी., सुरू झाली. पुस्तक किंवा औषधाची बाटली पोस्टमन दारात आणतो, पैसे घेतो, वस्तू देतो. पैसे पुढे टपाल खाते विक्रेत्याला पोचवते. वस्तू नको असेल तर घेणारा नकार देतो आणि पाकीट परत जाते.

या पद्धतीत आगाऊ संमतीची नोंद ठेवण्याची गरजच नव्हती. दर वेळी नव्याने 'हो' म्हणावे लागे, तेही उंबरठ्यावर, वस्तू समोर असताना. तरीही गैरवापर व्हायचा तो होतच असणार. न मागवलेली वस्तू व्ही.पी.ने पाठवून द्यायची. घरात जो कोणी असेल तो 'कोणीतरी मागवले असेल' असे समजून पैसे देऊन टाकतो. १८९८ च्या पोस्ट ऑफिस कायद्याने या शक्यतेची दखल घेतलेली दिसते. पाठवलेली वस्तू खरोखर आलेल्या मागणीनुसारच पाठवली आहे, असे पाठवणाऱ्याने लिहून द्यावे, असा नियम करण्याची मुभा त्या कायद्याने सरकारला दिली होती. फसवणूक आढळल्यास वसूल केलेले पैसे रोखून धरून ग्राहकाला परत करण्याबाबत नियम करण्याचीही मुभा होती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या या तरतुदी जरा थांबून वाचण्यासारख्या आहेत. मागणी खरी होती हे सांगण्याची जबाबदारी पाठवणाऱ्यावर आहे, घेणाऱ्यावर नाही. आणि पैसे मधल्या माणसाच्या, म्हणजे टपाल खात्याच्या हातात असेपर्यंत ते थांबवता येतात. कार्डाच्या व्यवहारांना ही दोन तत्त्वे पुन्हा मिळवायला बराच काळ लागला.

नकार कळवला नाही तर होकार

'मौनं संमतिलक्षणम्' हे वचन आपण लग्नाच्या बोलण्यांत गमतीने वापरतो. व्यापारात त्याचा पद्धतशीर वापर अमेरिकेत झाला. १९२६ मध्ये तिथे 'बुक ऑफ द मंथ क्लब' निघाला. सभासदाला दर महिन्याला निवडलेल्या पुस्तकाची सूचना यायची आणि ठरलेल्या मुदतीत 'नको' असे न कळवल्यास पुस्तक आणि त्याचे बिल दोन्ही घरी यायचे. ग्राहक गप्प राहिला की विक्री झाली, अशी ही रचना. आळस, विसराळूपणा आणि टपालाचा उशीर हे तिन्ही विक्रेत्याच्या बाजूने काम करत. १९७३ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा योजनांसाठी नियम केला आणि नकार कळवण्यासाठी ग्राहकाला किमान दहा दिवस मिळायला हवेत असे ठरवले.

आजचे 'सात दिवस फुकट, नंतर दरमहा अमुक रुपये' हे याच रचनेचे पुढचे रूप आहे. मात्र एक फरक फार मोठा आहे. पुस्तकाच्या क्लबात बिल आले तरी पैसे ग्राहकाच्याच खिशात असत. तो हवे तर भांडू शके, पुस्तक परत पाठवू शके. कार्ड आल्यावर पैसे आधी जातात आणि भांडण नंतर सुरू होते.

सहीचा कागद

भारतीय बँकांत ठरावीक तारखेला ठरावीक रक्कम देण्याची 'स्थायी सूचना' जुनीच आहे. खातेदार बँकेला लिहून देई, बँक त्याप्रमाणे पैसे पाठवी. इथे पैसे ढकलणारी खातेदाराची स्वतःची बँक होती. १९९० च्या दशकात रिझर्व्ह बँकेने 'इलेक्ट्रॉनिक क्लिअरिंग सर्व्हिस', म्हणजे ईसीएस, आणली तेव्हा दिशा उलटली. वीज कंपनी, विमा कंपनी किंवा कर्ज देणारी संस्था ग्राहकाच्या खात्यातून पैसे ओढू लागली. पुढे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या 'नॅच' व्यवस्थेने ईसीएसची जागा घेतली.

पैसे ओढले जात असले तरी एक गोष्ट टिकून होती. खातेदाराने सही केलेला मँडेटचा, म्हणजे आगाऊ अनुज्ञेचा, कागद त्याच्या बँकेकडे जाई. बँक सही ताडून पाही आणि मगच नोंद होई. 'नॅच'मध्ये प्रत्येक अनुज्ञेला स्वतंत्र क्रमांकही मिळाला. कटकटीची पद्धत होती, सही जुळली नाही म्हणून अर्ज परत येत. पण 'मी परवानगी दिली होती का?' या प्रश्नाचे उत्तर खातेदाराच्या बँकेच्या कपाटात असे.

इथे एक असमतोल नोंदवायला हवा. २००७ च्या 'पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स' कायद्याच्या कलम २५ नुसार, खात्यात पुरेसे पैसे नसल्यामुळे इलेक्ट्रॉनिक वसुली परत गेली तर खातेदाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो. धनादेश न वटण्याच्या गुन्ह्याचाच हा भाऊ. हक्क नसताना पैसे ओढणाऱ्याबद्दल मात्र हे कलम काही म्हणत नाही. येणे असलेल्याचे संरक्षण कायद्यात आधी आले, कापले जाणाऱ्याचे नंतर आणि परिपत्रकांतून आले.

कॉलर ट्यूनचा धडा

भारतातील सामान्य माणसाला नको असलेल्या वर्गणीची पहिली ओळख बँकेने करून दिली नाही, मोबाईलने करून दिली. २००० नंतरच्या दशकात प्रीपेड मोबाईल खेडोपाडी पोचला. कोणी तरी फोनवरचे एक बटण चुकून दाबले, की कॉलर ट्यून, क्रिकेटचे संदेश, विनोद किंवा राशिभविष्य सुरू होई आणि शिलकीतून पैसे जाऊ लागत. रक्कम लहान, म्हणून तक्रार करणाराही क्वचितच. पण तीस रुपयांचे रिचार्ज करणाऱ्या मजुराला पाच रुपये म्हणजे घरी करायचा एक फोन होता.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, यावर जे उपाय केले त्यांत पुढच्या बँकिंग नियमांची बीजे दिसतात. जुलै २०१३ च्या निर्देशात दुहेरी संमती सक्तीची झाली: सेवा मागितल्यानंतर ग्राहकाने पुन्हा एकदा स्वतंत्रपणे होकार द्यायचा, तरच पैसे घ्यायचे. सेवा बंद करण्यासाठी सर्व कंपन्यांना मिळून १५५२२३ हा एकच क्रमांक ठरला. सुरू करणे सोपे आणि बंद करणे अवघड ही तक्रार भारतात अशी एखाद्या ॲपच्या कितीतरी आधी ऐकू आली होती.

ओटीपीचा देश

कार्डाच्या बाबतीत निर्णायक वर्ष २००९. त्या वर्षी १८ फेब्रुवारीच्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने इंटरनेटवरील कार्ड-व्यवहारांसाठी कार्डावर न छापलेली आणखी एक खूण विचारणे सक्तीचे केले आणि १ ऑगस्ट २००९ पासून ते लागू झाले. सुरुवातीला ही खूण म्हणजे पासवर्ड असे, पुढे मोबाईलवर येणारा ओटीपी रूढ झाला. जगातील अनेक मोठ्या देशांत तेव्हा कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर खरेदी होत होती. व्यापाऱ्यांनी कुरकुर केली, व्यवहार अर्धवट राहतात म्हणून. तरी नियम टिकला. व्यवहाराची सूचना ग्राहकाला देण्याचे बंधन आधी ५,००० रुपये आणि त्यावरच्या रकमांना होते. २०११ मध्ये रक्कम कितीही असो, सूचना द्यायचीच असे ठरले.

या नियमाला दोन भगदाडे होती. पहिले परदेशी वाटेचे. विक्रेत्याची बँक भारताबाहेर असेल तर भारतीय कार्डावरून ओटीपीशिवाय पैसे घेता येत. उबर या टॅक्सी कंपनीचे भारतातील भाडे याच मार्गाने वसूल होत होते: गाडी भारतात, प्रवासी भारतात, कार्ड भारतीय, पण पैसे बाहेरच्या बँकेतून फिरून. २२ ऑगस्ट २०१४ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने कंपनीचे नाव न घेता ही वाट बंद केली. भारतात दिलेल्या सेवेचे पैसे भारतातील बँकेमार्फत आणि रुपयांतच घ्यायला हवेत, असे सांगून ३१ ऑक्टोबरपर्यंतची मुदत दिली. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये उबरने पेटीएमचे वॉलेट स्वीकारले. खरोखर परदेशातून विकल्या जाणाऱ्या सेवांचा प्रश्न मात्र तसाच राहिला. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने नव्या कार्डांवर ऑनलाइन आणि आंतरराष्ट्रीय वापर मुळात बंद ठेवायला लावले. ग्राहकाने स्वतः चालू केला तरच तो चालू होतो. दाराला कडी आतून, असा हा प्रकार.

दुसरे भगदाड जास्त खोल होते आणि ते नियमाच्या कल्पनेतच होते. ओटीपी मागायचा तर ग्राहक त्या क्षणी हजर असायला हवा. वर्गणीची सारी सोय मात्र ग्राहक हजर नसतानाच पैसे जाण्यात आहे. विक्रेत्याने कार्डाचा तपशील आपल्या सर्व्हरवर साठवला की दर महिन्याची मागणी तोच पाठवी. ग्राहकाच्या बँकेला ही वर्गणी आहे, ती कधी सुरू झाली, कधी संपणार, यातले काही ठाऊक नसे. सहीच्या कागदाच्या काळात संमतीची जी नोंद बँकेकडे होती, ती आता विक्रेत्याकडे गेली. म्हणूनच त्या काळात बँकेला फोन केला की उत्तर मिळे, 'विक्रेत्याशी बोला.' विक्रेता उत्तर देत नसेल तर शेवटचा उपाय म्हणजे कार्ड बंद करून नवे घेणे. एका वर्गणीसाठी अख्खे कार्ड मोडायचे. कुलूप उघडत नाही म्हणून दरवाजा तोडण्यासारखेच हे होते.

नुकसान कोणाचे? २०१७ चे उत्तर

पैसे गेलेच तर भार कोणी सोसायचा, या प्रश्नावर ६ जुलै २०१७ चे परिपत्रक हे भारतीय ग्राहक-संरक्षणातील महत्त्वाचे कागदपत्र आहे. काही महिन्यांनी, डिसेंबरमध्ये, सहकारी बँकांसाठीही तशाच सूचना निघाल्या. महाराष्ट्रात आणि गुजरातमध्ये नागरी सहकारी बँकांत खाती असणारे लोक फार, म्हणून हा तपशील किरकोळ समजू नये.

परिपत्रकाने दोष कोणाचा हे पाहून वाटणी केली. चूक बँकेची असेल तर ग्राहकाचे नुकसान शून्य, त्याने कळवले असो वा नसो. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, व्यवस्थेत इतरत्र कुठे तरी असेल, उदाहरणार्थ एखाद्या संकेतस्थळावरून कार्डांचे क्रमांक चोरीला गेले असतील, तर ग्राहकाने बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास नुकसान शून्य. चार ते सात दिवसांत कळवल्यास मर्यादित भार: मूलभूत बचत खात्याला ५,००० रुपयांपर्यंत, इतर बचत खात्यांना १०,००० रुपयांपर्यंत. सात दिवसांनंतर बँकेच्या संचालक मंडळाने ठरवलेल्या धोरणाप्रमाणे. ग्राहकाने स्वतःच ओटीपी किंवा पिन दुसऱ्याला सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे.

बँकेने तक्रारीनंतर दहा कामकाजाच्या दिवसांत ती रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची आणि नव्वद दिवसांत प्रकरण निकालात काढायचे, असेही बंधन होते. ग्राहकाची जबाबदारी आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकला गेला. १८९८ च्या कायद्यात पाठवणाऱ्याने मागणी खरी असल्याचे सांगायचे होते, ते तत्त्व इथे वेगळ्या रूपात परत आले, असे मला वाटते.

आकड्यांच्या आत एक अट मात्र लपलेली आहे. हे सारे संरक्षण 'अनधिकृत' व्यवहाराला आहे. भोपाळच्या विद्यार्थिनीने कधीकाळी होकार दिला असेल तर बँक म्हणेल, हा व्यवहार अधिकृत आहे, परिपत्रक लागूच होत नाही. विसरलेल्या होकारासाठी दुसरी व्यवस्था हवी होती.

नोंद परत बँकेकडे

ती व्यवस्था २१ ऑगस्ट २०१९ च्या परिपत्रकाने आली, आणि तिचे बारकावे पाहण्यासारखे आहेत. कार्डावरील आवर्ती वसुलीसाठी ई-मँडेट ग्राहकाच्या बँकेकडे नोंदवायचे आणि नोंदवताना ओटीपीसारखी दुसरी खूण घ्यायची. अनुज्ञेची मुदत ठरवायची; रक्कम बदलती असेल तर ग्राहकाने कमाल मर्यादा द्यायची. प्रत्येक वसुलीच्या किमान चोवीस तास आधी बँकेने ग्राहकाला कळवायचे: विक्रेत्याचे नाव, रक्कम, तारीख आणि कारण. त्या सूचनेवरून ग्राहकाला ती एक वसुली किंवा पूर्ण मँडेट नाकारता आले पाहिजे. मँडेट केव्हाही मागे घेण्याची सोय बँकेने द्यायची, आणि यासाठी ग्राहकाकडून शुल्क घ्यायचे नाही. ओटीपीशिवाय जाणाऱ्या रकमेची मर्यादा सुरुवातीला २,००० रुपये होती. जानेवारी २०२० मध्ये हीच चौकट यूपीआयला लागू झाली.

नियम निघाला, पण बँका आणि विक्रेते तयारीला लागले नाहीत. डिसेंबर २०२० मध्ये मर्यादा ५,००० रुपयांवर नेऊन रिझर्व्ह बँकेने सांगितले की नव्या चौकटीत न बसणाऱ्या वसुल्या ३१ मार्च २०२१ नंतर चालणार नाहीत. मार्च संपत आला तरी व्यवस्था अपुरीच होती. शेवटच्या दिवशी मुदत ३० सप्टेंबरपर्यंत वाढवली गेली, दिरंगाईबद्दल तीव्र नापसंती नोंदवून.

१ ऑक्टोबर २०२१ ला नियम खरोखर अमलात आला आणि पुढचे काही महिने गोंधळाचे गेले. नको असलेल्या वर्गण्या थांबल्या, हव्या असलेल्याही थांबल्या. वृत्तपत्रांची वर्गणी, लहान उद्योगांची सर्व्हरची बिले, स्वयंसेवी संस्थांना दरमहा जाणारी देणगी, सगळे अडकले. देणगीदाराने थांबवण्याचे ठरवले नव्हते, पण पुन्हा होकार देण्याचा उत्साह सगळ्यांना राहत नाही. २०२२ मध्ये ॲपलने भारतात आपल्या दुकानात कार्डे घेणेच थांबवले. या काळातली टीका वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. जे पैसे ग्राहकाने पुन्हा विचारल्यावर दिले नाहीत, त्यांतले किती त्याला खरोखर द्यायचे होते आणि किती फक्त थांबवायचे राहून गेले होते, हे तोवर कोणी विचारलेच नव्हते.

हळूहळू घडी बसली. जून २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी सांगितले की सव्वासहा कोटींहून अधिक मँडेट नोंदवली गेली असून त्यांत ३,४०० हून जास्त परदेशी विक्रेते आहेत. त्याच महिन्यात मर्यादा १५,००० रुपये झाली. डिसेंबर २०२३ मध्ये म्युच्युअल फंड, विम्याचा हप्ता आणि क्रेडिट कार्डाचे बिल यांसाठी ती एक लाखावर नेली गेली. याच्याच जोडीला १ ऑक्टोबर २०२२ पासून विक्रेत्यांना कार्डाचा मूळ क्रमांक साठवण्यास मनाई झाली. त्याऐवजी त्या एका विक्रेत्यापुरतेच चालणारे टोकन द्यायचे. संमतीची नोंद बँकेकडे आली आणि किल्लीची प्रतही विक्रेत्याकडून काढून घेतली गेली.

आज पैसे कापले गेले तर

हा इतिहास ठाऊक असेल तर काय करायचे हे फारसे पाठ करावे लागत नाही. आधी ठरवायचे की परवानगी मुळात होती का. बँकेच्या ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर चालू मँडेटची यादी पाहावी. यूपीआयवरची मँडेट यूपीआयच्या ॲपमध्ये दिसतात.

यादीत त्या विक्रेत्याचे नाव असेल तर मँडेट तिथेच रद्द करावे आणि विक्रेत्याकडेही वर्गणी बंद करावी. दोन्ही करावे, कारण बँकेकडचे मँडेट मोडले तरी विक्रेत्याशी केलेला करार आपोआप मोडत नाही. गेलेले पैसे बँक परत देईलच असे नाही; ते विक्रेत्याकडे मागावे लागतात. रद्द केल्याचा संदेश जपून ठेवावा. त्यानंतरही पैसे कापले गेले तर ती वसुली परवानगीशिवाय झाली आहे, आणि हा संदेश त्याचा पुरावा आहे. आवर्ती वसुलीलाही २०१७ चे संरक्षण लागू राहील, असे २०१९ च्या परिपत्रकातच म्हटले होते.

यादीत नावच नसेल तर उशीर करू नये. कार्ड ताबडतोब बंद करावे, बँकेला कळवावे आणि तक्रारीचा क्रमांक घ्यावा. तोंडी सांगून परत येऊ नये. तीन दिवसांची मोजणी वादात सापडली तर तो क्रमांक आणि त्यावरची वेळच कामी येते. रक्कम दोन-चार रुपयांची असली तरी कळवावे. चोरलेले कार्ड चालते का हे पाहण्यासाठी आधी अशी चिल्लर रक्कम काढून बघण्याची रीत आहे. उघड फसवणूक असेल तर १९३० या क्रमांकावरही नोंद करावी. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेने रिझर्व्ह बँकेकडे विनाशुल्क तक्रारीची सोय केली. कोणत्या गावचा लोकपाल, कोणत्या प्रकारची बँक, हा पूर्वीचा शोध त्या योजनेने संपवला. आकडे आणि मुदती वेळोवेळी बदलतात, म्हणून तक्रार करण्यापूर्वी बँकेचे चालू धोरण पाहून घ्यावे.

दुकानाचे नाव

नोंद बँकेकडे आल्यावर विक्रेत्यांची युक्ती सरकली ती होकार मिळवण्याच्या क्षणाकडे. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न' म्हणजे फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांतील तेरा प्रकारांत 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' आहे: वर्गणी रद्द करण्याची सोय लपवणे, ती प्रक्रिया लांबवणे, फुकट सेवेसाठीही पैसे देण्याचा तपशील मागणे. अमेरिकेतही लढाई याच जागी पोचली आहे. ॲमेझॉनने 'प्राइम'चे सभासदत्व ग्राहकांच्या गळी उतरवले आणि रद्द करणे अवघड ठेवले, या आरोपावरचा खटला सप्टेंबर २०२५ मध्ये अडीच अब्ज डॉलरच्या तडजोडीवर मिटला.

आता भोपाळच्या विद्यार्थिनीकडे परत येऊ. तिच्या बाबतीत असे झाले असेल: फोटो सजवण्याचे एक ॲप तिने सात दिवस फुकट वापरण्यासाठी घेतले. ते तिने तिसऱ्या दिवशी फोनमधून काढून टाकले आणि वर्गणीही संपली असे समजली. ॲप काढल्याने वर्गणी थांबत नाही. ते तिने मोबाईलच्या ॲप-दुकानातून घेतले होते, आणि त्या दुकानाच्या नावाने तिचे मँडेट आधीपासून होते, गाण्यांच्या वर्गणीसाठी दिलेले. वसुलीच्या आदल्या दिवशी नियमाप्रमाणे संदेश आलाही होता. त्यात ४९९ ही रक्कम होती, तारीख होती, आणि नाव होते ते दुकानाचे. त्याच दुकानाचा संदेश तिला दर महिन्याला येतो, म्हणून तिने तो उघडला नाही. बँकेच्या यादीतही एकच मँडेट दिसते. त्या एका नावाखाली गाणी आहेत, साठवणुकीची जागा आहे आणि फोटोचे ॲपही आहे. त्यांपैकी कोणते चालू आणि कोणते बंद, याची यादी आजही दुकानाच्याच सर्व्हरवर आहे. ती पाहायला तिला दुकानाच्या ॲपमध्ये, खात्याच्या चिन्हाखालच्या वर्गण्यांच्या पानावर जावे लागते.